अस्सल आणि नक्कल

जुन्या सनदा आणि इनामपत्रे वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्या कागदांच्या अखेरीस येणारी एक आज्ञा चांगली परिचयाची असते. हक्क कोणाचा, किती आणि कशाबद्दल हे सविस्तर सांगून झाल्यावर गावच्या मोकदमाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना आणि हवालदार-कारकुनांना असे बजावलेले असते की, दरसाल नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची तालीक, म्हणजे प्रत, लिहून घेऊन दफ्तरी ठेवावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी ज्याचे त्यास परत द्यावे. आदिलशाही गेली, शिवशाही आली, पुढे पेशवाई आली. शिक्के बदलले, भाषेतला फारसीचा भरणा कमीअधिक झाला. परंतु ही आज्ञा जवळपास त्याच शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात राहिली. त्या काळच्या राज्यव्यवहाराची आणि न्यायाची एक मूलभूत समजूत तिच्यात साठवलेली आहे. ती समजूत अशी की, अस्सल प्रजेच्या घरी असावे आणि प्रत सरकारच्या दफ्तरी असावी.

आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयात गेले, तर ही व्यवस्था नेमकी उलटी झालेली दिसते. अस्सल निकालपत्र, अस्सल हुकूमनामा, साक्षीदारांच्या जबान्या आणि रोजनामा हे सारे न्यायालयाच्या अभिलेखकक्षात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या रेकॉर्ड रूममध्ये, फडक्यात बांधून ठेवलेले असते. आणि ज्याच्या जमिनीचा, घराचा किंवा वारसाहक्काचा तो निवाडा असतो, त्याच्या हाती येते ती नक्कल. दोनअडीचशे वर्षांच्या अवधीत अस्सल आणि नक्कल यांनी आपल्या जागा बदलल्या. ही अदलाबदल कशी घडली, तिच्यामुळे सामान्य माणसाला काय लाभले आणि त्याच्या हातून काय गेले, याचा विचार केल्यावाचून, नकलेसाठी खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हक्काचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही, असे मला वाटते. आणि म्हणूनच हा इतिहास थोडा सविस्तर सांगावासा वाटतो.

मराठी मुलखातील जुना निवाडा एकट्यादुकट्या न्यायाधीशाच्या मुखातून निघत नसे. तो गोतसभेत किंवा हाजीर मजलसीत होई. मजलसीत सरकारी अंमलदार, मुसलमानी अमलात काझी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, कसब्याचे शेटे-महाजन, आजूबाजूच्या गावांचे पाटील-कुलकर्णी आणि ज्या गावचा तंटा त्या गावचे बलुतेदार बसत. फिर्याद घेऊन येणारा तो अग्रवादी आणि उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून प्रथम राजीनामा लिहून घेतला जाई. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्याचे पत्र एवढाच उरला आहे. परंतु त्या काळी ‘गोत जो निवाडा करील त्यास आम्ही राजी आहोत’ असा तो कबुलीचा कागद असे. मग दोघांच्या तकरिरी म्हणजे जबान्या होत, दोघे आपापल्या घराण्याचा करिना सांगत, जामीन देत, साक्षीदारांची पुरसीस होई आणि सरतेशेवटी सभासद एकमताने निर्णय सांगत. हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे ‘मी वादात हरलो, पुन्हा हा कजिया करणार नाही’ अशी लेखी कबुली घेत. जिंकलेल्याने सरकारात हरकी भरायची आणि हरलेल्याने गुन्हेगारी. यानंतर सगळी हकीकत ज्या कागदावर उतरत असे तो महजर, आणि पुढे पेशवाईत सरकारी न्यायाधीशाने दिलेले ते निवाडपत्र.

असा एखादा महजर हातात घेऊन पाहिला, म्हणजे त्या कागदाविषयीचा आदर आपोआप वाढतो. कागदाचे अरुंद बंद एकापुढे एक खळीने चिकटवून केलेली ती लांब गुंडाळी असते. ती उलगडू लागले की आरंभी काळाचा उल्लेख येतो, आणि त्यातही शकाबरोबर सुहूर सन असतो, ज्यातला आकडा अरबी शब्दांत लिहिण्याची वहिवाट होती. त्याखाली हजर असलेल्यांची नामावळी हुद्द्यांनुसार येते. मग वादाची हकीकत मोडीच्या न थांबणाऱ्या ओळींत चालू होते. जिथे दोन बंद जोडलेले असतात त्या सांध्यावर शिक्का मारलेला आढळतो. मधला एखादा बंद काढून त्या जागी दुसरा घुसडण्याची कोणाला इच्छा झाली, तर सांध्यावरचा तुटलेला शिक्काच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल, अशी ही योजना. अखेरीस मजकूर संपल्याची खूण म्हणून मोर्तब असते, जेणेकरून तिच्याखाली कोणी नवी ओळ वाढवू नये. आणि मग साक्षीदारांच्या निशाण्या येतात. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या वृत्तीचे चिन्ह काढतो: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, आणि तसेच ज्या त्या बलुतेदाराचे त्याच्या कसबाचे हत्यार. गावाच्या शिवेचा तंटा असेल तर शीव राखणाऱ्या महाराची साक्ष मोलाची मानली जाई, आणि जातिभेदाने गावाबाहेर ठेवलेल्या त्या माणसाची निशाणी त्या एका कागदावर तरी गावातल्या मातब्बरांच्या पंक्तीत उमटे. सारा गाव ज्या कागदावर उभा आहे असा हा कागद असे.

परंतु हा कागद घरी राहात असे, आणि घर म्हटले की आग आहे, वाळवी आहे, पाऊस आहे, दरोडा आहे. मोगलांच्या स्वाऱ्या, गनिमांची धामधूम, दुष्काळात परागंदा झालेली कुटुंबे यांचा तो काळ. पूर्वीचे कागद धामधुमीत गेले, जळाले किंवा लुटीत हरवले, म्हणून नव्याने महजर करून द्यावा, अशी विनंती जुन्या कागदांत वारंवार भेटते. जिंकलेल्या घराण्याचा कागद नाहीसा झाला हे कळताच हरलेल्या घराण्याचा नातू तोच वाद पुन्हा उकरून काढी. बनावट कागद पुढे येत. आणि मग स्मरणावर, साक्षीवर किंवा अखेरीस दिव्यावर भिस्त ठेवावी लागे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपाच्या कढईतून धातूचा तुकडा बाहेर काढावयाचा असे. आधी हात धुऊन, नखे काढून तो सर्वांना दाखवीत, नंतर पिशवीत बांधून तिच्यावर मोहोर करीत आणि ठरल्या दिवशी ती सर्वांसमक्ष फोडून हातावर भाजल्याची खूण आहे की काय ते पाहात. कागदाने सांगावयाचे ते पोळलेल्या कातडीने सांगावे, हा प्रसंग माणसावर येण्याचे कारण अनेकदा एवढेच असे की, घरच्या पेटीत ठेवलेले अस्सल हरवले होते आणि दफ्तरातली तालीक सापडत नव्हती. न्यायाची परंपरा कितीही थोर असली, आणि रामशास्त्री प्रभुण्यांसारखा निःस्पृह न्यायाधीश तिला लाभला असला, तरी निवाड्याचा कागद सुरक्षित नसेल तर एका पिढीने मिळवलेला न्याय दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचत नाही.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनच्या नव्या मुलखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या हाती आला. १८१९ च्या ऑक्टोबरात त्याने कंपनी सरकारला पाठवलेल्या अहवालात मराठी राज्यातील न्यायपद्धतीचे वर्णन आहे, आणि पंचायतीचे अनेक दोष दाखवूनही तिच्या लोकप्रियतेची त्याने मोकळ्या मनाने नोंद केली आहे. शक्य तोवर दिवाणी तंटे पंचायतीनेच तोडावेत, असे त्याचे प्रारंभीचे धोरण होते. परंतु पंचांना वेतन नाही, हजर राहण्याची सक्ती नाही, निर्णयाची अंमलबजावणी करण्याचे साधन नाही, आणि शेजारी सरकारी अदालत मात्र शिपाई-प्याद्यांसह उभी आहे, अशा स्थितीत पंचायत फार काळ तग धरू शकली नाही. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतानाच १८२७ साली मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन तयार झाले, आणि जिल्ह्यातील अदालतींची रचना लेखी कायद्याने ठरून गेली. पुढे १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी उतरंड बसवली. लोक मात्र त्यांना बराच काळ मुन्सफ आणि सबजज्ज म्हणत राहिले.

या नव्या अदालतीने जी गोष्ट सर्वांत निश्चयाने बदलली ती कागदाची जागा. निवाडा हा दोन पक्षांना मिळालेला ऐवज न राहता न्यायालयाच्या कामाचा दाखला ठरला. वादपत्र, कैफियत, हजर केलेले दस्तऐवज, साक्षी, निकाल आणि हुकूमनामा यांची एक नस्ती बांधली जाऊ लागली. प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक मिळू लागला. आणि ती नस्ती न्यायालयाच्या स्वाधीन राहू लागली. आग, वाळवी आणि लूट यांपासून कागदाला दगडी इमारतीचा आसरा मिळाला, हे खरोखरच मोठे कार्य झाले, यात शंका नाही. परंतु अस्सल ज्याच्या हाती त्याच्याकडे सत्ता, हाही नियम तितकाच खरा आहे, आणि त्याचा अनुभव महाराष्ट्राला लवकरच आला.

पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. इनामांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन भोगणाऱ्यांना आपला हक्क कागदाने सिद्ध करण्यास फर्मावण्यात आले. ज्यांच्या घरचे कागद गेले होते त्यांच्या हक्काचा पुरावा कित्येकदा याच सरकारी दफ्तरात होता. परंतु दफ्तर उघडून पाहण्याचा अधिकार सरकारचा होता, इनामदाराचा नव्हता. कितीतरी इनामे खालसा झाली आणि दक्षिणेत असंतोष पसरला. जतन करण्याचा अधिकार आणि पाहू देण्याचे कर्तव्य या दोहोंची फारकत झाली, म्हणजे सुरक्षित दफ्तरसुद्धा प्रजेला परके होते.

याच दफ्तराच्या कथेत या प्रश्नाचे उत्तरही सापडते, आणि ते देणाऱ्यांत एक न्यायाधीश होते. महादेव गोविंद रानडे हे बराच काळ पुण्यास न्यायखात्यात होते आणि १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातील रोजनिशांतून काढलेले उतारे त्यांनी अभ्यासले, आणि १९०० साली त्या रोजनिशांवर लिहिलेल्या प्रस्तावनावजा निबंधात मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचे, त्यात न्यायव्यवस्थेचेही, चित्र त्यांनी मूळ कागदांच्या आधारे उभे केले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून घराघरांतील कागद मिळवीत होते; १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. डेक्कन कॉलेजात विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी महजरांच्या व निवाडपत्रांच्या आधारे मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ १९५३ साली बाहेर आला. या सगळ्यांनी मिळून केलेले काम एका वाक्यात सांगायचे तर, दफ्तर सरकारचे असले तरी त्यातील स्मरण लोकांचे आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

सामान्य पक्षकारापुरते पाहिले, तर हाच सिद्धान्त कायद्यात त्यापूर्वीच आला होता. १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायालयाच्या कामकाजाचे लेख हे सार्वजनिक दस्तऐवज मानले, आणि असा दस्तऐवज ज्याला पाहण्याचा हक्क आहे त्याने मागणी करून योग्य फी भरली की, तो ज्याच्या स्वाधीन असेल त्या अधिकाऱ्याने त्याची प्रत दिलीच पाहिजे, असे सांगितले. त्या प्रतीच्या पायथ्याशी ‘खरी नक्कल’ असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, हुद्दा आणि शिक्का असावा, आणि अशी प्रत अस्सलाच्या जागी पुराव्यात चालावी, अशी तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे. सनदेच्या शेवटी असणाऱ्या त्या जुन्या आज्ञेचे हे उलटे रूप होय. पूर्वी राजा म्हणे, ‘प्रत ठेवून घ्या, अस्सल परत द्या’. आता कायदा म्हणतो, ‘अस्सल ठेवून घ्या, पण प्रत द्या’. अस्सलाची ठेव ज्याने घेतली त्याच्यावर आलेले ते ऋण आहे, आणि नक्कल हे त्या ऋणाचे फेडणे आहे. नक्कल मागणारा माणूस याचक नव्हे, तो धनको आहे.

पुरावा कायदा घरच्या पेटीलाही अगदीच विसरला नाही, हे सांगितले पाहिजे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज जिथे असणे स्वाभाविक आहे अशा ताब्यातून हजर केला गेला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे अनुमान न्यायालयाला करता येते. वाड्यातल्या माळ्यावरची कागदांची वळकटी अजूनही निरर्थक झालेली नाही.

आता न्यायालयाच्या घराची रचना थोडक्यात पाहू. तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. मोठ्या ठिकाणी वरिष्ठ स्तर. आणि जिल्ह्याच्या मुख्य गावी जिल्हा व सत्र न्यायालय, जे दिवाणी अपिले ऐकते आणि गंभीर फौजदारी खटले चालवते. न्यायासनाखाली बसणाऱ्यांची नावे ऐकली की जुने दफ्तर पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते. शिरस्तेदार आहे, पैसा आणि जप्तीचा माल सांभाळणारा नाझर आहे, समन्स बजावणारा बेलीफ आहे. दररोज दाव्यात काय झाले ते ज्यात टिपतात तो रोजनामा. प्रतिवादीचे उत्तर ती कैफियत, निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज ती दरखास्त. आणि पक्षकाराने न्यायालयाला एखादी गोष्ट कळवण्यासाठी दिलेल्या चिठ्ठीला आजही पुरसीस म्हणतात, जी एके काळी साक्षीदाराच्या तपासणीची संज्ञा होती. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही हे शब्द टिकले, कारण ते कोशात नव्हे, कारकुनाच्या बोटांत राहात होते.

नकलेच्या अर्जाची रीत या घराइतकीच जुनी आणि सरळ आहे. अर्जात न्यायालयाचे नाव, दाव्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि नकलेचा खर्च भरायचा. पक्षकाराला नक्कल हक्काने मिळते. तिऱ्हाइताला आपले कारण दाखवून अर्ज करावा लागतो, आणि दुसऱ्याने हजर केलेल्या खाजगी दस्तऐवजाच्या बाबतीत न्यायालय अधिक काळजी घेते. कौटुंबिक कलह किंवा अत्याचारपीडितांचे खटले यांत ही काळजी असलीच पाहिजे. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत विनामूल्य द्यावी, असे फौजदारी प्रक्रियेचे बंधन आहे. माहितीचा अधिकार २००५ साली आला, तेव्हा त्या वाटेने न्यायालयीन कागद मागावेत की काय हा प्रश्न निघाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत नकलेची सोय असताना त्याच नियमांनी अर्ज करावा. म्हणजे जुनी खिडकी हीच आजही खरी वाट आहे.

नकलेवर ज्या तारखा लिहिलेल्या असतात त्यांकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. परंतु त्यांत एक फार मोठी न्यायबुद्धी आहे. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि ती कधी दिली, हे तिच्यावर टिपलेले असते. कनिष्ठ न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात करायला ९० दिवस मिळतात. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने नक्कल मिळवण्यास लागणारा अवधी त्या दिवसांतून वगळला आहे. न्यायालयाच्या कामाला लागलेल्या वेळेची झळ पक्षकाराला बसू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून जाणता वकील निकाल ऐकताच प्रथम नकलेचा अर्ज देतो. नक्कल लिहिणाऱ्याने लिहिल्यावर दुसऱ्याने ती अस्सलाशी ताडून रुजवात घालावी, पानापानावर शिक्का उमटावा, ही दक्षता पाहिली म्हणजे महजराच्या सांध्यावरचा तो शिक्का आठवतो.

सगळेच कागद कायम राहात नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. १९१७ च्या कायद्याने उच्च न्यायालयांना अभिलेखांच्या नाशाचे नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार नस्तीतील कागदांची वर्गवारी होते, निकाल व हुकूमनामा यांसारखे महत्त्वाचे लेख दीर्घकाळ जपले जातात आणि समन्स, तहकुबीचे अर्ज वगैरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. आज चालू दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि त्यावरून तारीख व निकाल घरबसल्या पाहता येतात. परंतु आजोबा-पणजोबांच्या काळच्या दाव्याला असा क्रमांक नाही, आणि तिथे अजून जुन्या नोंदवह्या व माणसाची चिकाटी यांवरच भिस्त आहे.

अशाच एका शोधात मी माझ्या चुलत्यांबरोबर गेलो होतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी कुरबूर चालू होती, आणि त्या पाळीचा निवाडा आजोबांच्या वेळी कोर्टात झाला होता एवढेच घरात सर्वांना ऐकून ठाऊक होते. “भाऊसाहेब, दाव्याचा नंबर काही माहीत नाही,” चुलते खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले, “स्वातंत्र्याच्या आधीचं आहे.” कारकून वयाने तरुण होता, पण त्याने हात झटकले नाहीत. “काका, आधी तलाठ्याकडं जा,” तो म्हणाला. “जुन्या फेरफाराला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा हवाला असेल. नंबर आणि निकालाची तारीख मिळाली की निम्मं काम झालं.” गाव नमुना सहाच्या जीर्ण पानावर ती नोंद निघाली. क्रमांक मिळाला, अर्ज झाला, आणि काही दिवसांनी अभिलेखकक्षातून एक गाठोडे खाली आले. त्याच्या गाठीवर इतकी धूळ होती की सोडणाऱ्याची बोटे काळी झाली. आत निळसर पडलेल्या शाईतला हुकूमनामा होता, त्यामागे निशाणी म्हणून हजर केलेला एक मोडी कागद होता, आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांच्या जागी, एका बाजूला आजोबांची अडखळत केलेली सही आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या वडिलांचा अंगठा होता. चुलत्यांनी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिले. निवाडा आमच्या बाजूने होता, पण पुरता नव्हे. उन्हाळ्यातल्या पाळीचा एक दिवस शेजाऱ्याला दिलेला होता, आणि ती गोष्ट आमच्या घरातली स्मरणशक्ती सोयीस्करपणे विसरली होती.

नक्कल तयार झाली त्या दिवशी चुलत्यांनी दोन प्रती मागितल्या. दुसरी कशाला, असे मी विचारले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. गावात एस.टी.तून उतरल्यावर ते घराकडे न वळता सरळ शेजाऱ्याच्या ओसरीवर गेले, एक प्रत त्याच्या थोरल्या मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुझ्या आजोबांचा अंगठा आहे ह्या कागदावर. तुमच्याकडं पण असू दे.” मग त्यांनी उन्हाळ्यातल्या पाळीचा तो दिवस कोणता, ती ओळ बोट ठेवून त्याला दाखवली.